गाडी ठणठणीत, तरी दिवा पेटलेलाच

सोलापूर ते तुळजापूर हे अंतर जेमतेम ४५ किलोमीटर. देवीदर्शनाला निघालेली गाडी शहराबाहेर पडते, एका वेगाने धावू लागते आणि घाट चढायच्या सुमारास डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा पेटतो. इंजिनाचा आवाज तोच, पिकअप तोच, अ‍ॅव्हरेजही तेच. शहरात न पेटलेला दिवा हमरस्त्यावरच का पेटावा? गाडीतला कॉम्प्युटर काही चाचण्या इंजिन पुरते तापल्यावर आणि वेग काही मिनिटे स्थिर राहिल्यावरच घेतो. सिग्नलला थांबत चालणाऱ्या गाडीत त्या चाचण्यांची पाळीच येत नाही. शिवाय एकदा दोष दिसला म्हणून लगेच दिवा लागत नाही. सहसा दोन फेऱ्यांत तोच दोष लागोपाठ सापडला की मगच तो लागतो.

हा ‘चेक लाइट’ जन्माला आला तो इंजिन वाचवण्यासाठी नव्हे, हवा वाचवण्यासाठी. धुरक्याने गांजलेल्या कॅलिफोर्नियाने या यंत्रणेचा आग्रह धरला आणि १९९६पासून अमेरिकेतल्या सर्व नव्या मोटारींना तिचे आजचे रूप सक्तीचे झाले. भारतात ती प्रदूषणाच्या बीएस-४ नियमांबरोबर आली. पहिला टप्पा २०१०चा, दुसरा २०१३चा. तेव्हा दिव्याचा प्रश्न ‘गाडी नीट चालते का’ हा नसतोच. सायलेन्सरमधून काय बाहेर पडते, हा असतो.

गाडी सुरळीत चालते याचे कारण तर याहून नवलाचे आहे. एक किलो पेट्रोल पुरते जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण साधले की नाही, ते एक्झॉस्टच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर सांगतो. नेहमीच्या प्रकारच्या सेन्सरमध्ये झिर्कोनियाची चिनीमातीसारखी टोपी असते. मिश्रणात पेट्रोल जास्त झाले तर ती ०.९ व्होल्टच्या आसपास दाब देते, हवा जास्त झाली तर ०.१च्या. कॉम्प्युटर त्यानुसार क्षणोक्षणी पेट्रोल कमीजास्त करतो. एखादा व्हॅक्यूमचा रबरी पाइप चिरला आणि फाजील हवा आत शिरू लागली, तर तो निमूटपणे पेट्रोल वाढवतो. चालवणाऱ्याला काही जाणवत नाही, कारण दोष रोजच्या रोज भरून काढला जात असतो. ही भरपाई ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली, की पी०१७१ हा कोड नोंदला जातो.

इथेच घाईचा मेकॅनिक आणि जाणता मेकॅनिक वेगळे ओळखू येतात. पहिला स्कॅनर लावतो, कोड वाचतो आणि सेन्सर बदलायला सांगतो. दुसरा भरपाईचा आकडा चालू इंजिनावर बघतो. समजा, आयडलिंगला तो अधिक २० टक्के आहे आणि अ‍ॅक्सिलरेटर देऊन इंजिन २५०० फेऱ्यांवर नेल्यावर ४-५ टक्क्यांवर उतरला. मग बहुधा कुठूनतरी हवा शिरते आहे. उलट वेग वाढेल तसा आकडाही चढत गेला, तर संशय फ्युएल पंपावर किंवा फिल्टरवर घ्यावा. कोड एकच, पण दोष दोन निराळे, आणि खर्चही निराळे.

पी०४२० हा कोड खिशाला आणखी महाग. तो धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू असतात. त्याच्या अलीकडच्या सेन्सरचे व्होल्टेज वरखाली नाचते आणि पलीकडच्याचे जवळपास स्थिर राहते, हे चांगल्या तब्येतीचे लक्षण. मागचाही पुढच्यासारखाच नाचू लागला, तर कन्व्हर्टर थकला असे समजतात. पण नळीच्या जोडातली गळतीही कधी असाच देखावा उभा करते, म्हणून ती आधी तपासून घ्यावी.

पेट्रोलमधल्या इथेनॉलवरही अलीकडे खापर फुटते. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो आणि किलोमागे त्याला हवा सुमारे ९ किलोच लागते. त्यामुळे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर जुन्या गाडीची भरपाई थोडी वाढते. तेवढ्याने दिवा सहसा लागत नाही; आधीच चिरलेल्या पाइपात मात्र ही भर पुरेशी ठरू शकते. दिवा लागला की आधी पेट्रोल टाकीचे झाकण घट्ट लावा, हा प्रसिद्ध सल्ला मात्र अमेरिकेचा. टाकीची वाफ गळते का, ही चाचणी तिथे सक्तीची आहे. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या ती घेतच नाहीत.

दिवा स्थिर असेल तर गाडी हळू चालवत दर्शन घेऊन परत आणता येते. तो लुकलुकत असेल तर मिसफायर होत आहे, न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला भाजते आहे. तेव्हा घाटात जोर न लावता गाडी बाजूला घ्यावी.

बॅटरीचे टर्मिनल काढून दिवा घालवणारे गावोगाव भेटतात. दोष तिथेच राहतो आणि तो घडला तेव्हाच्या वेगाची, तापमानाची कॉम्प्युटरने जपलेली नोंद मात्र पुसली जाते. जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा स्कॅनर लावून, कोड पुसल्यानंतर गाडी किती किलोमीटर चालली, तो आकडा बघा. तो वीस-पंचवीस असेल, तर व्यवहार करण्याआधी मालकाला त्याचे कारण विचारा.