गाडी भंगारात देताय? आधी पारा काढा

धाराशिव : जुनी गाडी मोडीत निघताना बॅटरी, टायर, इंजिनाचा भाव होतो. बॉनेटखालच्या पाऱ्याची मात्र आठवण कोणालाच नसते.

पारा कुठे असतो?
काही जुन्या, विशेषतः परदेशी बनावटीच्या गाड्यांत बॉनेट किंवा डिकीच्या दिव्याच्या स्विचमध्ये सुमारे १ ग्रॅम पारा असतो. झाकण उचलले की थेंब घरंगळतो, तारा जोडल्या जातात आणि दिवा लागतो.

धोका काय?
पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो, पोलाद सुमारे १५०० अंशांना वितळते. स्विच पत्र्यासोबत भट्टीत गेला, तर पाऱ्याची वाफ होते. तिला रंग नाही, वास नाही. मेंदू आणि मूत्रपिंडांना ती घातक. स्विच चेचला, तर सर्वांत आधी भंगार कामगाराच्याच श्वासात ती जाते.

काय करावे?
• गाडी दाबण्यापूर्वी, गॅस कटर लावण्यापूर्वी स्विच न फोडता अख्खा काढा.
• झाकणबंद प्लास्टिक डब्यात ठेवून ‘पारा’ असे लिहा.
• सांडल्यास झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर नको. दारे-खिडक्या उघडा, जाड कागदाने थेंब गोळा करा.
• डबा घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडेच द्या.

केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्राला गाडी मोडण्यापूर्वी घातक भाग वेगळे करावेच लागतात. गाडी तिथे दिल्यास नोंदणी रद्द करण्यासाठी लागणारे प्रमाणपत्रही मिळते.