सिंधूवरची गोधडी

धरण बांधायचे म्हणजे खडक लागेपर्यंत पाया खणायचा, मग वर चढायचे, अशी आपली समजूत. आपल्या सह्याद्रीत ती बहुधा खरीही ठरते. पण खडक हातीच लागत नसेल तर?

पाकिस्तानात सिंधू नदीवर तरबेला येथे इंजिनिअरांपुढे हाच प्रश्न होता. १९६० च्या सिंधू करारानंतर ज्या मोठ्या कामांची जुळवाजुळव झाली, त्यांतले हे सर्वांत अवाढव्य. धरणाची उंची १४३ मीटर, लांबी सुमारे पावणेतीन किलोमीटर. आणि पात्राखाली वाळू, गोटे, धोंडे यांचा थर, काही ठिकाणी १८० मीटरहून खोल! तो सगळा उपसणे अशक्यच. मग माती-दगडांचा भराव त्या वाळूगोट्यांवरच रचायचे ठरले.

पाणी भरावाखालून पाझरणार, हे गृहीतच होते. आपल्याकडे पाझर तलाव मुद्दाम पाझरण्यासाठी बांधतात. इथे पाझर चालेल, पण पाण्याबरोबर माती वाहून जाता कामा नये. म्हणून धरणाच्या वरच्या अंगाला, जलाशयाच्या तळाशी, पावणेदोन किलोमीटरपर्यंत चिकण मातीमिश्रित थर दाबून अंथरला. इंजिनिअर त्याला ब्लँकेट म्हणतात. मी गोधडी म्हणेन, कारण पुढे तिला ठिगळे लावावी लागली. धरणाजवळ ती बारा-तेरा मीटर जाड. दूरच्या टोकाला जेमतेम दीड. हेतू एवढाच की पाण्याला खालून लांबची वाट चालावी लागावी आणि त्याचा जोर वाटेतच मोडावा.

१९७४ च्या उन्हाळ्यात जलाशय प्रथमच भरू लागला. ऑगस्टमध्ये पाणी सोडण्याच्या एका बोगद्याचा तोंडाजवळचा भाग कोसळला. भरत आलेला जलाशय रिकामा करावा लागला. केवढी नामुष्की! पण तळ उघडा पडला आणि सगळे थक्क झाले. गोधडीला भेगा पडल्या होत्या, साडेतीनशेहून अधिक खड्डे पडले होते. पाण्याच्या भाराने खालचा थर कुठे जास्त, कुठे कमी दबला, गोधडी फाटली आणि तिची माती गोट्यांच्या फटींत उतरली. बोगदा शाबूत राहिला असता तर हे कोणाला दिसले असते? बँकेत हिशेब तपासताना, एक चूक शोधायला जावे आणि भलतीच मोठी सापडावी, तसा हा प्रकार.

खड्डे बुजवले, गोधडी जाड केली. पुन्हा पाणी भरले तेव्हा नवे खड्डे पडलेच. आता जलाशय रिकामा करायचा नव्हता. ध्वनिलहरींनी तळ चाचपून खड्डा हुडकायचा, बरोबर त्याच्यावर बार्ज उभी करायची आणि पोटातली माती पाण्यात सोडायची. हा उद्योग काही वर्षे चालला. खड्डे कमी होत गेले, पाझरही घटला.

यात सिंधूनेही हात लावला. हिमालयातून आणलेला बारीक गाळ तळाशी बसत गेला आणि फटी बुजत गेल्या. तोच गाळ अजून येतो आहे. जलाशयाची एक तृतीयांशाहून अधिक जागा त्याने भरून टाकली आहे.