अळी मरत नाही, पण तिला पंखही फुटत नाहीत

यवतमाळ आणि फवारणी म्हटलं की २०१७ मध्ये फवारणी करताना शेतकरी-शेतमजुरांना झालेली विषबाधा आठवते. तेव्हा चर्चा झाली ती मोनोक्रोटोफॉससारख्या, थेट मज्जासंस्थेवर घाव घालणाऱ्या औषधांची. कपाशीवरच्या पांढऱ्या माशीसाठी वापरलं जाणारं पायरीप्रॉक्सीफेन वेगळ्या वाटेनं काम करतं. त्याबद्दल बोलायलाच हवं.

कीटकाच्या शरीरात ज्युवेनाइल हार्मोन असतं. ते भरपूर असेपर्यंत कात टाकूनही अळी अळीच राहते. ते ओसरलं की कोष, मग पंख. पायरीप्रॉक्सीफेन या हार्मोनची नक्कल करतं. अळी खाते, वाढते, धडधाकट दिसते आणि बहुतेकदा कोषातच मरते. डासांवर ते इतकं जालीम आहे की साठवणीच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं सुचवलेली मात्रा लिटरला अवघी ०.०१ मिलिग्रॅम आहे!

पण आपल्या नाल्यांत, अडाण-बेंबळा नद्यांच्या काठच्या डबक्यांत डासांचे चुलतभाऊही असतात: कायरोनोमिड, म्हणजे न चावणारी चिलटं. त्यांच्या लालभडक अळ्या तळाच्या गाळात राहतात आणि हे औषधही पाण्यातून निघून गाळालाच चिकटतं. म्हणून फवारणीचा पंप नाल्यात धुणं मला फार गंभीर वाटतं. या अळ्यांवर लहान मासे आणि चतुरांची पिल्लं जगतात. औषधाचा विषारीपणा तपासणाऱ्या दोन दिवसांच्या चाचणीत मात्र अळी जिवंतच दिसते. नुकसान कळायला तिला पंख फुटण्याची वेळ येईपर्यंत थांबावं लागतं.

पाण्यातल्या डॅफ्निया या इवल्या कवचधारी जीवावर तर आणखी वेगळा परिणाम प्रयोगशाळेत दिसला आहे: एरवी माद्याच जन्माला घालणारी मादी या औषधाच्या संपर्कात नर पिल्लं देऊ लागते.