सुपारी फुटली होती का?

१९ नोव्हेंबर १९८५ रोजी अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात एका ज्यूरीने टेक्सॅको या तेल कंपनीला फर्मावलं : पेन्झॉईल कंपनीला १० अब्ज ५३ कोटी डॉलर द्या. कुठे स्फोट झाला नव्हता, विमान पडलं नव्हतं, कुणाच्या विहिरीत विषही उतरलं नव्हतं. पेन्झॉईलचा ठरलेला सौदा टेक्सॅकोने जाणूनबुजून मोडायला लावला, एवढाच आरोप होता.

कायद्यात याला हेतुपुरस्सर अपकृत्य म्हणतात. बेपर्वाईने गाडी ठोकली तर तेही अपकृत्यच, पण त्यात ठोकायचा इरादा नसतो. धंद्यात मात्र इराद्याने केलेल्या आगळिकी पुष्कळ : फसवून माल विकणं, प्रतिस्पर्ध्याच्या मालाबद्दल खोटं पसरवणं, दुसऱ्याचा करार फोडणं. यातलं शेवटचं प्रकरण जरा नाजूक. करार मोडणाऱ्याला कराराच्या कायद्याने धरता येतं. पण बाहेरून फूस लावणारा त्या करारात नसतोच. त्याची कुठेच सही नाही. त्याला धरायला अपकृत्याचा कायदा लागतो.

ही वाट मोकळी केली ती लंडनच्या एका नाटकगृहाच्या मालकाने. बेंजामिन लम्ले याने योहाना वाग्नर या गायिकेशी करार केला होता. ही संगीतकार रिचर्ड वाग्नर यांची पुतणी. फ्रेडरिक गाय या दुसऱ्या नाटकगृहवाल्याने जास्त पैसे देऊ करून तिला फोडलं, तेव्हा लम्लेने गायवर दावा लावला. असा दावा चालू शकतो, असं न्यायालयाने १८५३ मध्ये ठरवलं आणि आजही विद्यार्थी हा निकाल घोकतात. पुढे काय झालं ते सहसा सांगितलं जात नाही. प्रत्यक्ष सुनावणीत, तो करार आता बंधनकारक उरलेला नाही असं गाय प्रामाणिकपणे समजत होता, हे ज्यूरीला पटलं आणि लम्ले हरला. इरादा शाबीत करणं एवढं अवघड असतं.

टेक्सॅकोच्या बाबतीत तो कसा शाबीत झाला, हे बघण्यासारखं आहे. १९८४ च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गेटी ऑईल ही कंपनी विकली जात होती. सुमारे ४० टक्के शेअर एका कौटुंबिक ट्रस्टकडे होते आणि ट्रस्टी होते गॉर्डन गेटी. जवळपास १२ टक्के वडिलांच्या नावाने उभ्या असलेल्या संग्रहालयाकडे. पेन्झॉईलने या दोघांशी समझोत्याचा कागद केला. गेटीच्या संचालक मंडळाने शेअरमागे ११० डॉलर आणि वर ५ डॉलरचा पुढे मिळायचा हप्ता अशा भावाला १५ विरुद्ध १ मतांनी होकार दिला. तत्त्वतः करार झाल्याचं पत्रक ४ जानेवारीला निघालं. पक्का मसुदा व्हायचा बाकी होता. म्हणजे सुपारी फुटली होती, अक्षता पडायच्या होत्या.

तेवढ्यात टेक्सॅको मांडवात शिरली. ५ जानेवारीच्या रात्री तिचे अधिकारी न्यूयॉर्कच्या पियर हॉटेलात गॉर्डन गेटींना भेटले. भाव आधी १२५, मग १२८ डॉलर. ६ तारखेला सौदा टेक्सॅकोचा झाला.

जास्त भाव देणं हा काही गुन्हा नव्हे. बाजार त्यावरच चालतो. टेक्सॅकोला नडलं ते एक कलम. पेन्झॉईलने उद्या दावा लावलाच तर त्याची झळ टेक्सॅको सोसेल, अशी हमी विकणाऱ्यांनी लिहून घेतली आणि टेक्सॅकोने ती दिली. आधीचा करार झालाय हे ठाऊक नव्हतं, तर ही हमी कशाला? पेन्झॉईलचे वकील ज्यो जमेल ज्यूरीसमोर पुन्हा पुन्हा तिथेच आले. काय बोललं गेलं याच्या साक्षी दोन्ही बाजूंच्या होत्या, पण हा कागद टेक्सॅकोने स्वतःच्या हाताने लिहून दिलेला होता.

(टेक्सासात न्यायाधीश निवडून येतात. खटला ज्यांच्यापुढे होता, त्या न्यायाधीशांच्या प्रचाराला जमेल यांनी १०,००० डॉलर दिले होते. टेक्सॅकोने हरकत घेतली, ती टिकली नाही. आपल्याकडे एवढ्यावरून किती गदारोळ झाला असता!)

पण माझ्या मते खटल्याचा खरा धडा इराद्यात नाही, आकड्यात आहे. पेन्झॉईलचा हिशेब सरळ होता. सौदा झाला असता तर गेटीच्या तेलसाठ्यातला तीन-सप्तमांश वाटा, म्हणजे सुमारे १०० कोटी ८० लाख पिंप तेल, तिला पिंपामागे ३ डॉलर ४० सेंटना पडलं असतं. तेवढंच तेल जमिनीत शोधून काढायचं तर तिचा खर्च पिंपाला १० डॉलर ८७ सेंट. फरक ७ डॉलर ४७ सेंट. गुणाकार करा : ७ अब्ज ५३ कोटी. ही झाली प्रत्यक्ष नुकसानीची भरपाई. त्यावर ३ अब्ज दंडात्मक, म्हणजे शिक्षा म्हणून.

हा हिशेब खोडता आला असता. बुडाला तो शेअरचा सौदा, मग शेअरच्या दोन भावांतला फरक मोजा, असं म्हणता आलं असतं. आकडा अब्जाच्या आतच राहिला असता. पण टेक्सॅकोच्या वकिलांनी भरपाईवर एकही साक्षीदार उभा केला नाही. आकड्यावर भांडलो तर चूक कबूल केल्यासारखं होईल, ही भीती. परिणामी ज्यूरीपुढे एकच आकडा होता आणि तिने तोच उचलला. मला हा मुत्सद्दीपणा नव्हे, शुद्ध अहंकार वाटतो.

अपिलात १९८७ च्या फेब्रुवारीत दंडाची रक्कम १ अब्जावर आली, बाकी निकाल कायम राहिला. पुढच्या अपिलासाठी वसुली थोपवायची तर टेक्सासच्या नियमाप्रमाणे निकालाच्या पूर्ण रकमेचा जामीन हवा होता. एवढा जामीन आणायचा कुठून? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाकडून ६ एप्रिलला दिलासा मिळाला नाही आणि १२ एप्रिलला टेक्सॅकोने दिवाळखोरीचा अर्ज केला. वर्षअखेरीस ३ अब्ज डॉलरवर तडजोड झाली.

आपल्याकडे चित्र वेगळं. ज्यूरी नाही, त्यामुळे असे आकडे सहसा नाहीत. करारभंगाच्या भरपाईला १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७३ लागतं आणि ते शिक्षेचा विचारच करत नाही. झालेली हानी भरून द्या, एवढंच. अपकृत्यात दंडात्मक भरपाई मिळू शकते, पण हात आखडता. ‘टाइम’ साप्ताहिकाच्या नावाची नक्कल झाली, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ५ लाख भरपाई आणि ५ लाख दंडात्मक दिले. अशी सरसकट दंडात्मक भरपाई देणं बरोबर नाही, असं त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने २०१४ मध्ये सुनावलं.

टेक्सासची आठवण करून देणारं एक प्रकरण मात्र पुण्यात घडलं, बदनामीचं. २००८ मध्ये ‘टाइम्स नाऊ’ वृत्तवाहिनीने एका घोटाळ्याच्या बातमीत नामसाधर्म्यामुळे दुसऱ्या न्यायाधीशांऐवजी न्या. पी. बी. सावंत यांचा फोटो काही सेकंद दाखवला. पुण्याच्या न्यायालयाने २०११ मध्ये १०० कोटी रुपये मंजूर केले. इथे इरादा नव्हता. आपल्याकडच्या दिवाणी बदनामीत तो लागतही नाही. अपिलासाठी मुंबई उच्च न्यायालयाने २० कोटी रोख भरा आणि ८० कोटींची बँक हमी द्या म्हणून सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही.

तुमचा ठरलेला सौदा कुणी फोडला, तर संतापाच्या भरात वाटेल तो आकडा दाव्यात लिहू नका. महाराष्ट्रात दाव्याच्या रकमेवर कोर्ट फी भरावी लागते, कमाल १० लाख रुपयांपर्यंत. वकिलाकडे जाण्याआधी सीएला बसवून नुकसानीचा तक्ता करून घ्या. आणि दावा तुमच्यावर झाला असेल, तर आमची चूक नाही एवढं सांगून थांबू नका. तुमचाही आकडा न्यायालयापुढे ठेवा.