भरतीचा हिशोब आणि आकाशाचा हिशोब

नागावच्या किनाऱ्यावरचा माणूस भरतीची वेळ विचारत नाही. तो तिथी विचारतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. आज चतुर्थी आहे ना? चाराची पाऊणपट तीन. म्हणजे तीनच्या सुमारास पाणी पूर्ण भरणार, दुपारी आणि पहाटेही. दशमी असेल तर साडेसात. अमावास्या-पुनवेला उधाण, अष्टमीला भांग. शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही हा हिशोब तोंडपाठ असतो.

समुद्र केवढा मोठा! तरी भरती आली म्हणून कोणी घाबरून पळत नाही. कारण ती केव्हा येणार आणि केव्हा ओसरणार हे आपल्याला ठाऊक असते. ज्याचा हिशोब कळला, त्याची भीती गेली.

चंद्र समुद्राच्या पाण्याला ओढतो म्हणून भरती येते. आता या चंद्राच्याही पलीकडे जाऊ. तेथे गुरू आहे, शनी आहे, शेंडेनक्षत्रे आहेत. त्यांचाही असाच हिशोब आहे. तो नीट समजून घेऊ.

गुरूची बारा वर्षे

आपली पृथ्वी एका वर्षात सूर्याभोवती एक फेरी घालते. गुरू सूर्यापासून फार लांब आहे. त्याची वाट लांबची आणि चालही मंद. त्याला एका फेरीला सुमारे बारा वर्षे लागतात. नाशिकला सिंहस्थ बारा वर्षांनी का येतो, हे आता ध्यानात येईल. गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ. फेरी पुरी करून तो पुन्हा तेथे यायला बारा वर्षे जातात.

शनीची साडेसाती

शनी आणखी लांब आहे. त्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला सुमारे सव्वा तास लागतो. सूर्याभोवती एक फेरी घालायला त्याला साडेएकोणतीस वर्षे लागतात. तीसच धरू.

आता पाटी घ्या आणि हिशोब करा. राशी बारा. तीस वर्षांत बारा राशी, म्हणजे एका राशीत अडीच वर्षे. आपल्या राशीच्या मागची एक, आपली एक आणि पुढची एक, अशा तीन राशी. तीन अडीच साडेसात. झाली साडेसाती! हा आकडा शनीच्या रागाचा नाही. तो त्याच्या मंद चालीचा आहे.

आणखी एक गंमत पाहा. बारा राशींपैकी तीन राशींना साडेसाती कायमच चालू असते. म्हणजे चार माणसांत साधारण एकाला. गावात चारशे माणसे असतील, तर त्यांतील शंभरांना आजही साडेसाती आहे. त्या शंभरांतल्या कोणाच्या घरी लग्न असेल, कोणाची वाडी भरघोस पिकली असेल, कोणाच्या घरी आजार असेल. उरलेल्या तीनशेंच्या घरीही तसेच असेल.

देवाला हात जोडणे वेगळे. पण साडेसाती म्हणून कर्ज काढून शांत करणे, होडीची डागडुजी लांबणीवर टाकणे, पोराच्या तापाला औषध न आणणे, यात नुकसान आपलेच. ते शनी करत नाही. आपली भीती करते.

गुरूचे चंद्र

आपल्या पृथ्वीला एक चंद्र. गुरूला नव्वदांहून जास्त, तर शनीला अडीचशेहून जास्त चंद्र सापडले आहेत. गुरूचे चार मोठे चंद्र इटलीतील गॅलिलिओ याने १६१० साली दुर्बिणीतून पाहिले. आज साध्या लहान दुर्बिणीतूनही ते चार ठिपके दिसतात.

त्यांतल्या तीन चंद्रांचा मेळ पाहण्यासारखा आहे. गॅनिमीड एक फेरी घालतो, तेवढ्यात युरोपा दोन घालतो आणि आयो चार. रहाटाचे दाते एकमेकांत बसावेत तशी ही चाल आहे.

गुरूची ओढ फार मोठी. आपल्याकडे समुद्राला भरती येते, तर आयोवर खडकालाच भरती येते! खडक पुढे-मागे ताणला जातो, तापतो आणि वितळतो. म्हणून आयोवर ज्वालामुखी धगधगत असतात. ते १९७९ साली ‘व्हॉयेजर’ नावाच्या यानाने प्रथम पाहिले. युरोपावर मात्र बर्फाचा जाड थर आहे. त्याखाली खारा समुद्र असावा, असे शास्त्रज्ञांना वाटते. तो तपासायला २०२४ साली एक यान निघाले आहे.

केतकर मास्तरांचा हिशोब

शनीपलीकडे काही आहे हे जुन्या लोकांना माहीत नव्हते. १७८१ साली इंग्लंडात हर्शेल यांना दुर्बिणीतून युरेनस सापडला. पण तो हिशोबाप्रमाणे चालेना. त्याला आणखी कोणीतरी ओढत असले पाहिजे! फ्रान्समधील लव्हेरिए यांनी गणित करून त्या ओढणाऱ्याची जागा सांगितली. १८४६ साली बर्लिनमध्ये तेथे दुर्बीण रोखली आणि नेपच्यून सापडला. आधी कागदावर, मग आकाशात. आपल्याकडे त्याला वरुण म्हणतात.

त्याच्याही पलीकडे काय असेल? हा प्रश्न आपल्या एका शिक्षकाने हाती घेतला. त्यांचे नाव व्यंकटेश बापूजी केतकर. जन्म १८५४ सालचा. बागलकोटला ते शाळेत मुख्याध्यापक होते. पंचांगात लिहिलेले आणि आकाशात दिसणारे जुळलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी त्यांनी जन्मभर गणिते केली.

गुरूच्या तीन चंद्रांची चाल आपण पाहिली. तसाच मेळ दूरच्या ग्रहांतही असावा, असे केतकरांनी धरले. १९११ साली फ्रान्समधील ज्योतिषसंस्थेच्या पत्रिकेत त्यांनी आपले गणित छापले. नेपच्यूनपलीकडे एक ग्रह असावा. सूर्यापासून पृथ्वी जितकी लांब, त्याच्या सुमारे एकोणचाळीस पट तो लांब असावा. त्याची एक फेरी २४२ वर्षांची असावी. त्याला त्यांनी ‘ब्रह्मा’ हे नाव दिले.

१९३० साली अमेरिकेत टॉम्बॉ या तरुणाला प्लुटो सापडला. त्याचे अंतर साडेएकोणचाळीस पट, फेरी २४८ वर्षांची. केतकरांचा आकडा किती जवळ आला होता, पाहा! त्याच वर्षी केतकर वारले.

पण खरे ते सगळे सांगावे. केतकरांनी ‘विष्णू’ नावाचा आणखी एक ग्रह सांगितला होता. तो काही सापडला नाही. त्यांनी धरलेला मेळही प्लुटोला नेमका बसत नाही. २००६ पासून तर प्लुटोची गणना मोठ्या ग्रहांत होत नाही, त्याला बटुग्रह म्हणतात. यात केतकरांना कमीपणा नाही. शास्त्राची रीतच अशी आहे. हिशोब मांडावा, आकाशाशी ताडून पाहावा. जुळले ते ठेवावे, न जुळले ते सोडावे.

शेंडेनक्षत्र

शेंडेनक्षत्र दिसले की राजा मरतो, रोगराई येते, असे लोक म्हणत. १९१० साली हॅलेचे शेंडेनक्षत्र आले, तेव्हा जगभर पुष्कळांची गाळण उडाली. पण ते आहे काय? बर्फ आणि धूळ यांचा एक गोळा. सूर्याजवळ आला की बर्फाची वाफ होते, धूळ उडते आणि शेपूट दिसू लागते. हे शेपूट नेहमी मागेच असते असे नाही. चुलीचा धूर वारा नेईल तिकडे जातो. तसे हे शेपूट सूर्य ढकलील तिकडे, म्हणजे सूर्याच्या उलट बाजूला जाते.

हॅले नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १६८२ साली हे शेंडेनक्षत्र पाहिले. जुन्या नोंदी ताडून त्याने सांगितले, हेच पूर्वीही आले होते आणि १७५८ च्या सुमारास पुन्हा येईल. १७४२ साली हॅले वारला. १७५८ च्या डिसेंबरात पाहुणा आकाशात हजर! मग १८३५, १९१०, १९८६. आता येईल २०६१ साली. आज शाळेत जाणारी पोरे तेव्हा आजी-आजोबा झालेली असतील. त्यांनी घाबरू नये, नातवंडांना अंगणात नेऊन ते दाखवावे.

आज रात्री आकाश निरभ्र असेल तर जेवण झाल्यावर किनाऱ्यावर जा. पोरांना बरोबर घ्या. तारे लुकलुकतात, ग्रह सहसा स्थिर उजेड देतात. असा ठळक, न लुकलुकणारा ठिपका दिसला तर तो पोफळीच्या कोणत्या शेंड्यावर आहे ते पाहून ठेवा. तारीख आणि वेळ वहीत लिहा. महिन्याने त्याच जागी, त्याच वेळी उभे राहून पुन्हा पाहा आणि लिहा. शेजारच्या ताऱ्यांपासून तो किती सरकला, तेही टिपा.

आता तुम्हाला लिहिता येते. हॅलेही जुन्या नोंदींवरूनच शिकला होता.