डोंगरातल्या सायकलवाटा आणि आपली पायवाट

पुण्या-मुंबईकडची मंडळी आता नुसती गड चढायला येत नाहीत. काहीजण जाड टायरच्या सायकली घेऊन येतात आणि आपण ज्या वाटेने सरपणाची मोळी आणतो, त्याच वाटेने सुसाट खाली सुटतात. गावात पहिला प्रश्न येतो, "ह्यांना डांबरी रस्ता दिसत नाही का?" दुसरा प्रश्न दोन-चार महिन्यांनी येतो, "ह्यांना चहा-नाश्ता दिला तर?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. म्हणून या अंकात हे सायकलवाटांचं प्रकरण जरा नीट समजून घेऊ.

ही सायकल आपल्या शाळेतल्या पोरींना मिळते तशी नसते. टायर दोन ते अडीच इंच रुंद, त्यावर खोल नक्षी, पुढे मोटरसायकलसारखे शॉकॲब्सॉर्बर आणि डिस्क ब्रेक. चांगल्या सायकलीची किंमत लाखाच्या वर जाते. दगड, मुळं, वळणं आणि उतार हीच तर या लोकांची गंमत. सपाट, गुळगुळीत रस्ता त्यांना फुकट दिला तरी नको असतो.

जगात जिथे हा खेळ रुजला आहे, तिथे मुद्दाम वाटा बांधतात. रुंदी जेमतेम दोन-तीन फूट, एका वेळी एकच सायकल जाईल एवढी. किती अवघड आहे ते रंगावरून कळतं: हिरवी सोपी, निळी मध्यम, काळी अवघड आणि दोन काळ्या चौकटींची वाट फक्त पट्टीच्या लोकांसाठी.

वाट बांधायची कशी, हे मात्र आपल्यातल्या पाणलोटाच्या कामावर गेलेल्या बायकांना लगेच कळेल. सगळा खेळ पाण्याचा आहे. समतल चर आपण पाणी अडवायला खणतो. सायकलवाटेवर उलटं, पाणी एक क्षणही थांबू द्यायचं नाही आणि वाटेवरून पळूही द्यायचं नाही. म्हणून वाट डोंगराच्या पोटातून आडवी काढतात, सरळ उतारावर सोडत नाहीत. नियम असा की डोंगराचा जो उतार असेल, त्याच्या निम्म्यापेक्षा जास्त उतार वाटेला द्यायचा नाही. डोंगर 100 फुटांत 30 फूट चढत असेल, तर वाट 15 फुटांच्या आतच चढली पाहिजे. नाहीतर पाणी वाट ओलांडून खाली जात नाही, वाटच धरतं, आणि दोन पावसाळ्यांत तिची घळ होते. एकूण वाटेचा सरासरी उतार तर 100 फुटांना 10 फुटांपेक्षा जास्त ठेवतच नाहीत. शिवाय वाटेचा दरीकडचा काठ किंचित खाली ठेवतात, आणि ठरावीक अंतरावर वाट थोडी खाली नेऊन पुन्हा वर उचलतात, म्हणजे त्या खोलगटातून पाणी बाहेर पडतं. भराव घालून वाट रुंद करत नाहीत, कारण भराव खचतो. डोंगर कापूनच पक्का तळ काढतात.

आता आपल्या जुन्या वाटा आठवा. कित्येक वाटा सरळ खाली उतरतात, कारण डोक्यावर ओझं असताना जवळची वाट बरी. तिथे ओल्या मातीत टायरची चाकोरी पडली की पाण्याला आयता पाट मिळतो. आपल्याकडच्या पावसात तर विचारायलाच नको. त्यामुळे माझं स्पष्ट मत आहे की जून ते सप्टेंबर मातीच्या वाटेवर सायकल नकोच, कोणी कितीही पैसे देऊ केले तरी.

गावाला यातून काय मिळतं आणि काय जातं, हे बघायला एक खरं गाव घेऊ. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया नावाचं बेट आहे. त्याच्या ईशान्येला, ओल्या दाट जंगलाच्या कडेला डर्बी हे छोटं गाव आहे. वस्ती दोनशेच्याही आत. आपण भांड्यांना कल्हई लावायला जे कथिल वापरतो, त्याच्या खाणीवर हे गाव उभं राहिलं. 1929 साली खाणीचं धरण फुटून 14 माणसं गेली. पुढे खाण बंद पडली आणि तरुण पोरं बाहेर गेली. 2015 मध्ये सरकारी निधीतून आणि तिथल्या स्थानिक परिषदांच्या पुढाकाराने जंगलातल्या सायकलवाटा खुल्या झाल्या. आज त्यांचं जाळं शंभर किलोमीटरच्या वर आहे. 2017 मध्ये जागतिक मालिकेतली मोठी शर्यत या एवढ्याशा गावात झाली. खानावळी, सायकल दुरुस्ती, माणसं-सायकली वर सोडणाऱ्या गाड्या, मुक्कामाची घरं असं सगळं सुरू झालं.

पण दुसरी बाजूही वाचा. जी घरं कवडीमोल पडून होती, त्यांचे भाव चढले. बरीच घरं बाहेरच्यांनी घेऊन पर्यटकांना भाड्याने द्यायला काढली. मग गावात काम करणाऱ्याला राहायला परवडणारं घर मिळणं कठीण झालं. आजूबाजूच्या नैसर्गिक जंगलातली तोड थांबवा म्हणून आंदोलनं झाली, कारण आता उभ्या झाडांवरही लोकांचं पोट होतं, आणि लाकडावर पोट असणारेही होतेच.

डर्बीत आणि आपल्यात एक मोठा फरक आहे. तिथे जंगलात सरपणाला, चाऱ्याला जाणारी बाई नाही. वाट फक्त खेळायची आहे. आपल्याकडे ती कामाची वाट आहे. जगभर पाळला जाणारा एक रिवाज इथे आपल्या कामाचा आहे: पायी चालणाऱ्याला आधी वाट, सायकलवाल्याने थांबायचं, आणि उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची. डोक्यावर हंडा किंवा भारा घेतलेल्या बाईने बाजूला व्हायचं कारणच नाही. वळणावर घंटी वाजवायची, गुरं दिसली की खाली उतरून चालत जायचं. हे पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून वाटेच्या तोंडाशी लावावं. कुठल्या वाटेवर सायकल चालेल आणि कुठल्या वाटेवर अजिबात नाही (पाणवठ्याची, देवराईची), हे गावानेच ठरवावं.

ठरवताना कायदा ध्यानात असू द्या. राखीव जंगलात नवी वाट खोदायची तर वनविभागाची परवानगी लागते. कळसूबाई-हरिश्चंद्रगडासारख्या अभयारण्यात नियम आणखी कडक असतात. ज्या गावाला 2006 च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला आहे, तिथे जंगल राखण्याचा आणि सांभाळण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आहे. तेव्हा कोणी शहरातला माणूस एकट्या सरपंचांशी किंवा एखाद्या जमीनवाल्याशी बोलून वाट आखत असेल, तर विषय ग्रामसभेत आणा. त्याआधीची महिला सभा चुकवू नका. सरपणाची वाट कुठून जाते हे पुरुषांना कुठे ठाऊक असतं!

आणि जमिनीचं. पर्यटन आलं की दलालही येतात. सातबाऱ्यावर बाईचं नाव असेल तर तिच्या सहीशिवाय तिचा हिस्सा विकता येत नाही. लक्ष्मीमुक्ती योजनेतून पत्नीचं नाव लावून घेता येतं. तलाठी कार्यालयात चौकशी करा, आणि ती आजच करा, भाव वाढल्यावर घरातच गोष्टी अवघड होतात.

राहिला नाश्त्याचा प्रश्न. सायकलवाल्यांचं पोट मोठं आणि वेळ पहाटेची. पहाटे पोहे-चहा, आल्यावर पिठलं-भाकरी, मध्ये केळी, चिक्की, लिंबू सरबत आणि भरपूर स्वच्छ पाणी. त्याबरोबर चार गोष्टी ठेवल्या की ते हमखास थांबतात: सायकल धुवायला नळ किंवा पाइप, हवेचा पंप, कुलपात ठेवता येईल अशी जागा आणि स्वच्छ संडास-बाथरूम. यातल्या एकालाही मोठं कर्ज लागत नाही. गटाच्या अंतर्गत कर्जातूनही भागेल. जेवण विकायचं तर अन्नसुरक्षेची एफएसएसएआय नोंदणी करून घ्या. आगाऊ सांगून येणाऱ्यांकडून अर्धी रक्कम आधी घ्या, कारण पन्नास भाकऱ्या थापल्यावर फोन लागत नाही असं होऊ नये.

पोरं पडतात, हात मोडतात, हेही धरून चाला. वाटेवर कुठे मोबाइलची रेंज येते ते गावातल्या माणसालाच माहीत असतं. ते ठिकाण आणि 108 नंबर पाटीवर लिहा.

वाटेची निगा हे वेगळं काम आहे आणि त्याची वेगळी मजुरी झाली पाहिजे. पावसाळा उतरला की खोलगटांतला गाळ काढणं, कडेला साचलेला मातीचा वरंबा फोडणं, पडलेली झाडं हटवणं हे दरवर्षी करावं लागतं. येणाऱ्यांकडून माणशी वाटशुल्क घ्यायचं ठरलं, तर ते ग्रामसभेच्या ठरावाने आणि पावती देऊन घ्या, आणि त्यातला ठरलेला हिस्सा या मजुरीला बाजूला काढा. चर खणून हात बसलेल्या आपल्या बायका हे काम बाहेरच्या ठेकेदारापेक्षा चांगलं करतील.