मोटारीचे दात

हाळी-हंडरगुळीच्या बाजारात किंवा माळेगावच्या यात्रेत जनावर घ्यायला गेलेला शेतकरी आधी काय करतो? जनावराचे तोंड उघडून दात पाहतो. आदत आहे, दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळलेले आहे, हे कळले की मग चाल, खूर आणि कातडी. देवणी असो वा लाल कंधारी, मालकाने काय खाऊ घातले आणि कसे वागवले, ते जनावराच्या अंगावरच दिसते. दलाल कितीही गोड बोलला तरी जाणता माणूस भुलत नाही.

वाचकहो, मोटारीलाही असेच दात असतात, आणि ते पाहणारे मिस्त्री आता गावोगाव झाले आहेत.

एके काळी गावात मोटार म्हणजे पुढाऱ्याची जीप. १९८३ साली मारुती ८०० निघाली आणि हळूहळू मोटार घराघरांत शिरली. आज नांदेड-लातूरकडे सोयाबीनचे दोन हंगाम बरे गेले, उसाचे बिल हाती आले, की बँकेचे थोडे कर्ज काढून लोक चारचाकी घेतात. घ्यावी, त्यात वावगे काही नाही. पण एक गोष्ट घेताना कोणी ध्यानात घेत नाही. गाडी हौसेने येते आणि बहुधा अडचणीत जाते. लेकीचे लग्न, मोठा दवाखाना, नाहीतर पावसाने दगा दिलेले वर्ष. अशा वेळी गिऱ्हाइकाने पन्नास हजार कमी सांगितले तर ते कुठून भरून काढाल? ते पन्नास हजार तुम्ही त्या दिवशी गमावत नाही, मागच्या पाच वर्षांत थोडे थोडे करून गमावलेले असतात.

प्रथम पाण्याचे पाहू, कारण आपल्या भागात खरे दुखणे तेच आहे. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते, हे कोण विसरेल? आपल्याकडे बोअर खोल गेले आणि त्यांचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड, क्षाराचे. हंड्याच्या आत पांढरा थर बसतो तो घरातल्या बायकांना ठाऊक आहे. तेच पाणी रेडिएटरमध्ये ओतले की तोच थर त्याच्या बारीक नळ्यांत बसतो. इंजिन तापू लागते, आणि एकदा का जास्त तापून हेड गॅस्केट गेले की खर्च तर होतोच, वर गाडीला ‘इंजिन खोललेली’ असा बट्टा लागतो. रेडिएटरमध्ये कंपनीने सांगितलेले कूलंटच घाला. फार पैसे लागत नाहीत. आणि इंजिन गरम असताना झाकण कधीही उघडू नका, तोंडावर वाफ येते.

दुसरी गोष्ट धुळीची. उन्हाळ्यात गाडीवाटेवर एका मोटारीमागून दुसरी गेली तर मागचीला समोरचे दिसत नाही. ती सगळी धूळ इंजिन हवेबरोबर ओढते. हवेचा फिल्टर शहरातली माणसे सर्व्हिसिंगलाच पाहत असतील, आपण उन्हाळ्यात महिन्या-दीड महिन्याने काढून पाहिलेला बरा. इंजिन ऑइलबद्दल एक गैरसमज आहे. पुष्कळ नव्या गाड्यांना दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांतले आधी येईल ते, अशी मुदत असते. आपली गाडी आठवडी बाजार, सोयरिक आणि दवाखाना एवढीच फिरते. म्हणून लोक म्हणतात, अजून कुठे दहा हजार झाले? पण वर्ष झालेले असते. तुमच्या गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात नेमकी मुदत दिलेली आहे, ती शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या.

आता जरा रागवायचे आहे. मोटारीच्या डिकीत युरियाची पोती टाकू नका! खत हवेतला ओलावा ओढून घेते, सांडलेले दाणे गालिच्याखाली जातात, आणि दोन पावसाळ्यांत खालचा पत्रा गंजतो. कीटकनाशकाची बाटली लवंडली तर तो वास पुढे वर्षभर जात नाही, आणि लेकरांना घेऊन आपण त्यातच बसतो. गिऱ्हाईक गालिचा उचलून पाहतेच. खतासाठी बैलगाडी आहे, ट्रॅक्टर आहे, नाहीतर भाड्याचा टेम्पो आहे. अगदीच नाइलाज असेल तर खाली जाड ताडपत्री अंथरा आणि घरी आल्याबरोबर झाडून घ्या.

काळ्या मातीचा चिखलही तसाच. चाकांच्या वरच्या पत्र्यात तो दाबून बसतो आणि आठ-आठ दिवस ओला राहतो. पावसाळ्यात वरून पुसून भागत नाही, खालून पाणी मारले पाहिजे. गाडी गोठ्यात किंवा सोयाबीनच्या गुळीशेजारी लावू नये, कारण तिथे उंदीर, आणि उंदराला वायरीची भारी गोडी. चार दिवस गाडी उभी असेल तर बॉनेट उघडून एकदा डोकावावे. झाडाखाली सावली मिळते खरी, पण पाखरांची विष्ठा उन्हात रंग खाते, ती त्याच दिवशी धुवावी.

गिऱ्हाइकाबरोबरचा मिस्त्री काय पाहतो, तेही माहीत असू द्या. तो ऑइल भरायचे झाकण उघडतो. आत दुधासारखा चिकट थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी गेल्याची शंका घेतो. थंड इंजिन चालू करायला लावतो आणि धूर बघतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, काळा म्हणजे इंधन नीट जळत नाही, आणि इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर राहिला तर पाणी आत जात असावे. टायर एका कडेने जास्त झिजलेला असेल तर अलाइनमेंट बिघडले आहे, नाहीतर गाडी कुठे तरी आदळली आहे, हे तो न विचारता ओळखतो. काचांच्या कोपऱ्यातली खूणही पाहतो. सगळ्या काचा एका सालच्या आणि एकच वेगळी असेल, तर ती का बदलली हे विचारतो. खरे तेच सांगावे. अपघात झाला होता, अमुक दुरुस्ती केली, ही तिची पावती, असे म्हणणाऱ्याला भाव थोडा कमी मिळेल, पण सौदा मोडत नाही. मीटर मागे फिरवून देणारे लोक भेटतात. म्हाताऱ्या बैलाची शिंगे घासून, तेल लावून त्याला तरणा करणाऱ्यांचे ते भाऊबंद! सर्व्हिसिंगच्या नोंदीत खरे किलोमीटर सापडतात आणि मग अब्रू जाते.

यासाठी पावत्या जपा. घरातल्या माउलीकडे ही जबाबदारी द्या, असे आमचे स्पष्ट मत आहे. सात-बाराचा उतारा आणि सोन्याची पावती जिथे सांभाळली जाते, तिथे गाडीच्या पावत्याही राहतील. पुरुषांच्या खिशात त्या धुण्याबरोबर जातात.

पुराचा विषय टाळून चालणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात गावांत पाणी शिरले. माणसे गेली, जनावरे गेली, तिथे मोटारीचे दुःख कोण करील? तरी पुढच्यासाठी एवढे लक्षात ठेवा, की पाण्यात बुडालेली गाडी पाणी ओसरल्यावर चालू करून पाहू नये. इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला की आतले दांडे वाकतात, आणि ते नुकसान तुमच्या हाताने झाले असे म्हणून विमा कंपनी अडवू शकते. फोटो काढा, कंपनीला कळवा, आणि गाडी ओढून न्या.

भाव काही वेळा आपल्या हातात नसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नवी स्वस्त झाली की जुनीला कोण जास्त देणार? पण विकण्याची वेळ थोडीफार निवडता येते. पितृपंधरवड्यात आपल्याकडे कोणी गाडी घेत नाही. दसरा-दिवाळीला लोकांच्या हाती सोयाबीनचे पैसे असतात. डिसेंबर उलटून जानेवारी लागला की तीच गाडी एका वर्षाने म्हातारी ठरते.

आणि आता कागद. खरा धोका इथे आहे. स्टँपवर लिहून दिले, पैसे घेतले, चावी दिली, म्हणजे गाडी आपली राहिली नाही असे पुष्कळांना वाटते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट सांगितले आहे, की आरटीओच्या दप्तरात ज्याचे नाव, तोच मोटार वाहन कायद्याप्रमाणे मालक. गाडी पुढे दोन-तीन हातांतून गेली आणि अपघात झाला, विमा नसला, तर भरपाईची नोटीस तुमच्या दारात येते. गाडी गेली आणि शेतावर बोजा आला, असे होऊ देऊ नका.

म्हणून कर्ज फिटले असेल तर आधी बँकेचा ना-हरकत दाखला घेऊन आरसीवरचा बोजा उतरवून घ्या. त्यासाठी फॉर्म ३५ आहे. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून दलालाच्या हाती देऊ नका. उदगीर, देगलूर, धर्माबादकडच्यांनी विशेष जपावे. गिऱ्हाईक बीदर किंवा निजामाबादचे असेल तर परराज्यासाठी आरटीओचा वेगळा ना-हरकत दाखला लागतो, तो फॉर्म २८ वर. गाडी देताना तारीख आणि वेळ लिहून, घेणाऱ्याची सही घेऊन एक कागद आपल्याजवळ ठेवा.

विम्यात एक फायदा लोक उगाच सोडून देतात. पाच वर्षे दावा केला नसेल तर विम्याच्या हप्त्यात, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागावर, ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. ही सूट गाडीची नसते, मालकाची असते. गाडी विकल्यावर विमा कंपनीकडून तसा दाखला मागून घ्या. तीन वर्षांच्या आत दुसरी गाडी घेतलीत तर तो तिथे चालतो.